दर्ग्यामागची सात रानगाजरे

रविवार, ६ डिसेंबर १९८१ — ट्यूनिस

क्षमा असावी. कोणाची मागते आहे ते ठाऊक नाही — या कोऱ्या पानाचीच म्हणायची. रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडत नाही, आणि माझ्यासारखीने स्वतःविषयी पाने भरावीत हा उद्धटपणाच. ही वही वनस्पतिशास्त्राच्या टिपणांसाठी घेतली होती. पहिली चार पाने फाडून टाकली. आज दुसरे काही लिहिता येत नाही.

गावाहून आत्याचे पत्र आले. अक्षर ख्मायेसकाकांचे नव्हते.

अल्जियाआत्याला लिहिता-वाचता येत नाही. आई-बाबा फ्रान्सला, मार्सेयला कामाला गेले तेव्हापासून, म्हणजे गेली बारा वर्षे, आमच्या घरची सगळी पत्रे शेजारचे ख्मायेसकाका लिहितात आणि तेच वाचून दाखवतात. निवृत्त पोस्टमन; आता मधमाश्या पाळतात. गोल, ठसठशीत अक्षर. प्रत्येक परिच्छेदाआधी थोडी मोकळी जागा. आजचे अक्षर तिजानी वाण्याचे होते. शब्द एकमेकांच्या खांद्यावर चढलेले. 

मजकूर एवढाच — "दोर्साफ, माझी तब्येत बरी. गाजरं पांढरी निघाली. मंजियाकडे पांढरी, तिच्या दिराकडे पांढरी, आपल्याकडेही निम्म्याहून जास्त. काहींना तर आत्ताच दांडे फुटलेत. चावलं तर लाकूड. तू अभ्यास कर. बाकी मी बघते."

पांढरी!

कारण मला ठाऊक आहे. मला एकटीलाच.

सोमवार, ७ डिसेंबर

वर्गात सरांनी गाजराच्या कुळाविषयी प्रश्न विचारला. उत्तर येत होते. मान खाली घातली.

बुधवार, ९ डिसेंबर

लिहूनच काढते. नीट, क्रमाने. शाळेत प्रयोग लिहीत असे तसे.

आमच्या गावाचे गाजर जांभळे असते — इतके गडद की रव्याच्या कुसकुसमध्ये शिजवले तर अख्खे ताट रंगते आणि पाहुणे बोटांकडे बघत बसतात. त्याचे बी बाजारात मिळत नाही. ते आत्याकडे असते. तिच्याआधी तिच्या सासूकडे होते. ते विकायचे नसते. सप्टेंबरात एका सकाळी प्रत्येक घरची बाई येते, आत्या तिच्या ओंजळीत एक मूठ टाकते, आणि बाई मागे वळून न बघता निघून जाते.

ते बी धरण्याची रीत अशी. हिवाळ्यात गाजरे उपटायची, त्यातली उत्तम निवडायची. आत्या प्रत्येकाचे टोक दाताने तोडून चव घेते. गोड असेल तर शेंड्याकडचे बोटभर खोड ठेवून पुन्हा मातीत. नसेल तर शेळीला. मातीत गेलेली गाजरे मे महिन्यात कमरेएवढी होतात, फुलतात, आणि त्यांचे बी होते.

पण त्याच मे महिन्यात रानगाजरही फुलते. बांधावर, रस्त्याकडेला, जिथे कोणी माती खणून सोडली असेल तिथे. फुलांत फरक असा नाहीच. माश्यांना तर मुळीच नाही. एका छत्रीवरून उठायचे, दुसरीवर बसायचे. वाफ्याजवळ रानगाजर असले की बी भ्रष्ट होते — मूळ पांढरे, फाटे फुटलेले, आत काडी. आणि ते कळते कधी? पुढच्या हिवाळ्यात. बी सगळ्या गावाच्या मातीत गेल्यावर.

म्हणून आमच्याकडे हाकेचा दिवस असतो. एप्रिलचा शेवटचा आठवडा. आत्या वाफ्यापाशी उभी राहून हाक देत राहते. गल्लीतल्या बायका चहूबाजूंनी चालत सुटतात. जिथे हाक ऐकू येईनाशी होते तिथे थांबायचे, वळायचे, आणि दिसेल ते रानगाजर मुळासकट उपटत परत यायचे. मग आत्या एकेकीचे नाव घेते. जिचे तिने उत्तर द्यायचे — "साफ!"

माझी बाजू सीदी मर्जूगच्या दर्ग्याची. दहा वर्षांची असल्यापासून. दर्गा वाफ्यापासून चाळीस पावलांवर आहे.

या एप्रिलमध्ये आत्याने विचारले, "दोर्साफ?"

भिंतीमागून मी ओरडले, "साफ!"

मला मोठ्याने बोलता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्या दिवशी आवाज असा खणखणीत निघाला की गल्लीतली मंजिया म्हणाली, "अरे वा! अल्जियाच्या भाचीला कंठ फुटला!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

माझ्या पायांशी सात झाडे उभी होती.

शनिवार, १२ डिसेंबर

का ठेवली? याचे उत्तर कागदावर किती क्षुद्र दिसते ते बघायचे आहे.

ती माझी होती. १९७९च्या शरदात पहिल्या पावसानंतर दर्ग्याच्या भिंतीमागे उगवली तेव्हापासून मी त्यांच्याकडे बघत होते. पहिले वर्ष रानगाजर काही करत नाही. पाने जमिनीला चिकटून गोल पसरतात, नक्षीदार, जाळीसारखी. बकरी तुडवून जाते, पुन्हा पसरतात. वर काही दिसत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. सगळे काम खाली चाललेले असते. दुसऱ्या वर्षी अचानक दांडा. केसाळ, सरळ, माझ्या छातीएवढा. त्यावर पांढरी छत्री. आधी वाटीसारखी, मग ताटासारखी सपाट. आणि त्या शेकडो पांढऱ्या फुलांच्या मधोमध एकच काळपट लाल फूल — सुईने टोचून रक्ताचा थेंब यावा तसे. सगळ्यांना नसते. सातांपैकी पाचांना होते. का असते, ते मला शोधून काढायचे होते!

राजधानीतल्या एका संस्थेने निबंधस्पर्धा ठेवली होती. "आपल्या परिसरातील एक वनस्पती." फ्रेंचमध्ये. पहिल्या क्रमांकाला कृषी महाविद्यालयात जागा आणि वसतिगृह. माझे शिक्षण अरबीतून. फ्रेंच मी पुस्तकांतून जमवलेले, बोलायला गेले की घशात अडकते. पण लिहिता येते. माझ्याजवळ दुसरे होते काय?

ठरवले होते की छत्र्या उघडायच्या आत कापीन. मग ठरवले, एकच उघडू द्यावी. मग म्हटले, चार दिवस. मग छत्र्या मिटू लागल्या; बी धरले की त्या आत वळून पाखराच्या घरट्यासारख्या होतात, दमट हवेत घट्ट मिटतात, कोरड्या हवेत उघडून काटेरी बी सोडतात. ते तर बघायलाच हवे होते. माझ्या घागऱ्याच्या काठाला बी चिकटून घरी येत असे. मी उंबऱ्याबाहेर बसून एकेक वेचून काढत असे. चोर पायांचे ठसे पुसतो तसे.

त्या निबंधाला पहिला क्रमांक मिळाला. म्हणून मी इथे आहे.

मंगळवार, १५ डिसेंबर

रादिया, माझी खोलीतली जोडीदारीण, सकाळी केस विंचरताना म्हणाली, "काल झोपेत तू 'साफ, साफ' म्हणत होतीस. कोणाचं घर झाडतेस गं?"

म्हटले, "आमच्या गावचा खेळ आहे."

आणखी एक खोटे. सहज निघाले.

गुरुवार, १७ डिसेंबर

दुसरे पत्र. पुन्हा तिजानीचे अक्षर.

"दोर्साफ, कळलं एकदाचं. आपल्या हद्दी तर सगळ्या साफ होत्या. सगळ्यांनी उत्तर दिलं होतं. तूही दिलं होतंस. मग रान आलं कुठून? नदीपलीकडून. आणलं कोणी? ख्मायेसच्या माश्यांनी. बावीस पेट्या ठेवल्यात त्याने माझ्या वाफ्याच्या उताराला! मी तोंडावर विचारलं. तो म्हणतो, 'माशी कुठे बसली ते मी कसं सांगू? बसली असेल.' बसली असेल! बारा वर्षं माझ्या घरचा चहा प्यालेला माणूस! आता त्याच्याकडून पत्रं लिहून घेणं बंद. तिजानी लिहितो. त्याला जमेल तसं समजून घे."

तीन वेळा वाचले.

"तूही दिलं होतंस."

ख्मायेसकाकांविरुद्धचा सगळा पुरावा माझा एक शब्द आहे.

शुक्रवार, १८ डिसेंबर

काही नाही.

बुधवार, २३ डिसेंबर

आत्याला उत्तर लिहिले. अभ्यास बरा, जेवण बरे, थंडी फार. गाजरांविषयी एक ओळही नाही. पेटीत टाकले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ट्यूनिसमध्ये, रेल्वेच्या रुळांलगत, दगडांमधून रानगाजराची पाने वर आली आहेत. इथेसुद्धा!

शुक्रवार, १ जानेवारी १९८२

मौलिदला, पैगंबरांच्या जन्मदिवसाला, घरी जायचे आहे. सांगेन. समोर बसून सांगेन. पत्रात नको.

गुरुवार, ७ जानेवारी — घरी

सांगितले नाही.

अंगणात पाइनच्या काळ्या बिया दळणे चालू होते, उद्याच्या खिरीसाठी. गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्याकडे जमल्या होत्या, हात काळे, तोंडे चालू. ख्मायेसकाकांचे घर भिंतीपलीकडे. त्या बाजूला कोणी बघत नव्हते.

आत्याने या हिवाळ्यात साठ गाजरांची टोके तोडून चव घेतली. गोड आणि जांभळी निघाली नऊ. तेवढी नऊ तिने मातीत लावली आहेत. "शेळीची चैन झाली," ती म्हणाली. हसली नाही.

आमच्या बैठकीच्या भिंतीवर माझ्या निबंधाचे पहिले पान काचेत लावले आहे. संस्थेने शिक्का मारून परत पाठवलेले. सप्टेंबरअखेर आले, आत्याने जवळच्या तेस्तूरला जाऊन चौकट करून आणली. फ्रेंचमध्ये आहे. आमच्या गल्लीत ते कोणाला वाचता येत नाही.

पहिल्या पानाच्या शेवटच्या परिच्छेदात काय आहे? मीच लिहिले आहे. मला पाठ आहे. "बी धरण्यासाठी लावलेल्या गाजरांच्या वाफ्यापासून चाळीस पावलांवर, दर्ग्याच्या भिंतीमागे, सात झाडे मी बी गळेपर्यंत उभी ठेवली." मला वाटले होते की अंतर लिहिले म्हणजे निरीक्षण अचूक होते.

मंजियाने हात पुसत चौकटीकडे बोट केले. "ए शिकलेले, ते भिंतीवरचं काय म्हणतं ते तरी सांग! तीन महिने त्याच्याकडे बघून मान डोलावतोय आम्ही. आत शिव्या असल्या तरी कळायचं नाही!"

आत्या एकदम सरसावून बसली. "वाच गं. हळू वाच. आणि मोठ्याने."

मी उभी राहिले. वाचले. फ्रेंचमधून आमच्या भाषेत, ओळीमागून ओळ. पाने कशी पसरतात, दांडा कसा येतो, मधले लाल फूल. बायका ऐकत होत्या. कोणीतरी "माशाल्ला" म्हणाले. शेवटच्या परिच्छेदापाशी आले, आणि माझे डोळे त्याच्यावरून पुढे गेले. सरळ पानोपानी खाली केलेल्या सहीवर. "इति दोर्साफ."

"एवढंच?" आत्या म्हणाली. "कागद तर खालपर्यंत भरलाय!"

मंजिया म्हणाली, "फ्रेंच भाषाच तशी, अल्जिया. 'ये' म्हणायचं असेल तर पाच शब्द लागतात त्यांना!"

सगळ्या हसल्या. पुन्हा. आत्याने पदराच्या टोकाने काच पुसली, जिथे मंजियाचे काळे बोट लागले होते.

मग मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आत्या पातेल्यावर वाकलेली. आत्ता सांगावे. तिने मान वर केली. "काय गं? काही हवंय?"

"मीठ," मी म्हटले.

तिने मीठ दिले. मी मूठभर मीठ घेऊन अंगणात उभी राहिले.

शुक्रवार, ८ जानेवारी — मौलिद

सकाळी घराघरांतून खिरीचे वाडगे फिरतात. वरून बदाम, साखरेच्या गोळ्या, प्रत्येकीची नक्षी वेगळी. आत्याने अकरा वाडगे भरले. मागच्या वर्षीपर्यंत बारा असत.

बाराव्यासाठी पातेल्याच्या तळाची खीर मी खरवडली आणि ओढणीखाली झाकून नेली.

ख्मायेसकाका पेट्यांच्या झाकणांवर दगड ठेवत होते. त्यांनी वाडग्याकडे पाहिले. "आत्याला सांगून आणलीस?"

"नाही."

"मग गोड लागायची नाही. ठेव तिथे."

ठेवली. जायला वळले. ते पाठमोरेच होते. म्हणाले, "सातच होती ना? की परीक्षकांना बरं वाटावं म्हणून आकडा कमी केलास?"



"काका, तुम्हाला फ्रेंच…"

"तीस वर्षं टपाल वाटलं, पोरी. पत्ते वाचता वाचता पोस्टकार्डंही वाचून होतात. अल्ला क्षमा करो. पण एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही."

चौकट लागली त्याच दिवशी त्यांनी वाचले होते. मला आठवते — चष्मा पुसून बराच वेळ उभे होते. मग एवढेच म्हणाले होते, "अक्षर छान आहे. फार खरं लिहितेस." मला ती स्तुती वाटली होती!

"तेव्हा बी मातीत गेलं होतं," ते आता म्हणाले. "म्हटलं, चाळीस पावलं आहेत. निभावेलही."

"मग आत्याने तुम्हाला विचारलं तेव्हा…?"

"तेव्हा काय? माश्या माझ्याच. दर्ग्यामागे बसायच्या, मग तिच्या वाफ्यात. मी खोटं कुठे बोललो? बसली असेल, म्हटलं." ते खाली बसले. "तुझी आत्या रोज सकाळी आधी ती काच पुसते, मग पीठ मळते. मी इथून बघतो. ती काच मी फोडायची?"

मला रडू आले नाही. आले असते तर बरे झाले असते.

"पेट्यांचं काय होणार?"

"गावप्रमुख उम्दाने निकाल दिलाय. पुढच्या रविवारी, सतराला, गावच्या हद्दीबाहेर. वरती डोंगरावर न्यायच्या." दगड उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "जानेवारीत पेटी हलवायची नसते. निम्म्या राहतील."

मी एका पेटीला कान लावला. आतून अगदी बारीक आवाज येत होता.

काका म्हणाले, "तुला सांग म्हणत नाही. सांगू नको असंही म्हणत नाही. जे पत्र हातात पडेल ते वाचून दाखवायचं, एवढंच मला येतं. जे पडलंच नाही ते मी कसं वाचू?"

शनिवार, ९ जानेवारी

गाडीच्या आधी दर्ग्यामागे गेले.

सातांचे वाळके दांडे अजून उभे आहेत, घरटी रिकामी. आणि खाली सगळीकडे, भिंतीच्या कडेने, थडग्यांच्या फटींतून, पायवाटेपर्यंत पानांचे गोल. जमिनीला चिकटलेले. एका पावलाएवढ्या जागेत मोजायला लागले. चाळीसनंतर मोजणे सोडले.

यंदा ती गप्प राहतील. या एप्रिलमध्ये हाक दिली तरी माझ्या जागी येणाऱ्या बाईला गवतच वाटेल, शिवाय ही बाजू मी साफ म्हटलेली, आणि आता सगळ्यांना वाटते की दोष नदीपलीकडचा आहे. पुढच्या वर्षीच्या मेमध्ये ती उभी राहतील. शेकड्यांनी. आत्याच्या नऊ गाजरांपासून जे काही धरले जाईल त्याच्यापासून चाळीस पावलांवर.

म्हणजे माझे गप्प बसणे नुसते काकांच्या पेट्या घालवणार नाही. ते बीच घालवणार आहे. कायमचे.

गुडघ्यांवर बसून हातांनी उपटू लागले. मूळ बारीक, पांढरे, तारेसारखे, मध्येच तुटते. तुटलेले पुन्हा फुटेल. वास मात्र गाजराचाच, अधिक उग्र. गाडीचा भोंगा वाजला. माझ्या बोटांना तो वास अजून आहे.

सोमवार, ११ जानेवारी — ट्यूनिस

पत्र लिहायला घेतले. "प्रिय आत्या, तुला सांगायला अत्यंत खेद होतो की —" फाडले. "परिस्थितीच अशी होती की —" फाडले. स्वतःला वाचवणारी वाक्ये मला किती सुरेख जमतात!

मंगळवार, १२ जानेवारी

रादियाला सगळे सांगितले. ती म्हणाली, "गाजरांसाठी एवढं? उद्या संस्थेला कळलं तर तुझी जागाच काढून घेतील. गप्प बस. वर्षभरात सगळे विसरतात."

विसरतात. ती शहरातली आहे. तिला बी ठाऊक नाही.

बुधवार, १३ जानेवारी

अडचण लिहिण्याची नाही, वाचण्याची आहे. पत्र आत्याला जाईल. आत्या ते तिजानीकडे नेईल. तिजानी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, चहा घेत वाचणार. मला अपमानाची भीती वाटते का? वाटते. पण तेवढेच नाही. आत्याला हे भर दुकानात ऐकावे लागेल. आणि तिजानी दयाळू आहे. नेमकी ती ओळ तो गाळेल. जशी मी गाळली.

गुरुवार, १४ जानेवारी

आज नवे काही लिहिले नाही. निबंधाची प्रत काढली आणि तो एक परिच्छेद आमच्या भाषेत उतरवला. शब्दाला शब्द. फ्रेंचमध्ये ते निरीक्षण वाटत होते. आमच्या भाषेत उतरले तेव्हा त्यात आत्याचा वाफा आला, सीदी मर्जूगची भिंत आली, आणि मी आले. चाळीस पावले फार जवळ वाटू लागली.

खाली पाच वाक्ये घातली —

"आत्या, हाकेच्या दिवशी मी 'साफ' म्हटले ते खोटे होते. दर्ग्यामागे आता शेकडो आहेत. पाने जमिनीलगत आहेत म्हणून दिसत नाहीत. ती कुदळीने खोलवर खणून काढावी लागतील, हाताने तुटतात. भिंतीवरची चौकट उतरव."

"क्षमा कर" लिहिले नाही. ते माझ्या सोयीसाठी झाले असते.

शुक्रवार, १५ जानेवारी

परवा रविवार. टपालाने गेले तर सोमवारी पोचेल. तोवर पेट्या डोंगरावर. वडापच्या गाड्या बाब सादूनच्या वेशीहून सुटतात. त्यांतला ड्रायव्हर फरजानी रोज सकाळी पहिल्या फेरीला आमच्या गावावरून तेस्तूरकडे जातो, लोकांची पाकिटे, औषधे, चप्पलसुद्धा नेतो. संध्याकाळी त्याला गाठले.

"काय आहे यात?" त्याने विचारले. "जड दिसतंय."

"एकच कागद आहे."

"मग तोंड का असं? कोणाचं लग्न मोडतेस की काय?"

उद्या सकाळी देते म्हटले. पाकिटावरचा पत्ता अजून लिहायचा होता.

शनिवार, १६ जानेवारी

नाव आत्याचे लिहिले. त्याखाली, गोल आणि ठसठशीत, परिच्छेदाआधी सोडतात तशी थोडी जागा सोडून —

"हस्ते : ख्मायेसकाका. त्यांनीच आमच्या घरी येऊन वाचून दाखवावे. एकही ओळ गाळू नये."

फरजानीच्या हातात दिले : शनिवार, १६ जानेवारी १९८२, सकाळी ७ वाजून १० मिनिटे.